सांगणेप्रमाणे लिहिला

“वाच,” ती म्हणाली आणि घडी घातलेला कागद तिनं माझ्या टेबलावर आपटला.

सकाळचे अकरा वाजले असतील. मी तेव्हा एका तालुक्याच्या पोलीस ठाण्यात रायटर होतो, म्हणजे जबाब, पंचनामे, अहवाल लिहिणारा हवालदार. तालुक्याचं नाव सांगत नाही. वर्ष चौऱ्याण्णव. त्याच्या आदल्या दिवाळीत माझी पहिली कथा एका दिवाळी अंकात छापून आली होती आणि ठाण्यात मला ‘लेखक’ म्हणून हाक मारायला सुरुवात झाली होती. निम्मी चेष्टा, निम्मं कौतुक. मला दोन्ही चालत होतं.

बाईला मी ओळखलं. सुभद्राबाई खिलारे. तीन आठवड्यांपूर्वी तिची मुलगी मंदा सासरच्या मळ्यातल्या विहिरीत मेलेली सापडली होती आणि त्या मरणाची चौकशी माझ्याकडे होती. टेबलावरचा कागद म्हणजे सुभद्राबाईच्याच जबाबाची नक्कल होती. तिच्या गावच्या गुरुजींनी अर्ज करून ती मिळवून दिली होती.

“बाई, हा तुमचाच जबाब आहे. तुम्हाला त्या दिवशी वाचून दाखवलाय.”

“परत वाच. मोठ्यानं.”

तीन आठवड्यांपूर्वी ती मला ‘सायेब’ म्हणत होती. मी कागद उचलला आणि वाचायला लागलो. तो जबाब मला आजही पाठ आहे.

‘मी, सुभद्राबाई भानुदास खिलारे, वय अंदाजे ४८ वर्षे, धंदा शेतमजुरी, समक्ष विचारल्यावरून जबाब देते की, मयत मंदा ही माझी मुलगी असून तिचे लग्न चार वर्षांपूर्वी झाले होते. तिला मूलबाळ नव्हते. आज रोजी सकाळी ती पाणी आणणेकामी विहिरीवर गेली असता पाय घसरून विहिरीत पडून, पोहता येत नसल्याने पाण्यात बुडून मयत झाली आहे. तिच्या मरणाबाबत माझा कोणावरही संशय अगर तक्रार नाही. माझा जबाब माझे सांगणेप्रमाणे लिहिला असून तो मला वाचून दाखविला, तो बरोबर आहे.’

खाली डाव्या हाताचा अंगठा. त्याच्या शेजारी माझी सही, वळणदार.

खरं सांगायचं तर वाचताना मला बरं वाटत होतं. एक शब्द जास्त नाही, एक शब्द कमी नाही. माझ्या कथेवर संपादकांनी पत्रात लिहिलं होतं, ‘तुमच्या लेखनात पाल्हाळ नाही.’ तेच मला त्या जबाबातही दिसत होतं.

“झालं?” सुभद्राबाईनं विचारलं.

“झालं.”

“ह्यात माझं वाक्य कुठलं?”

“सगळीच तुमची. तुम्ही सांगितलं, मी लिहिलं.”

“म्या असं बोलते? ‘आननेकामी’? ‘अगर’? माझ्या तोंडात कवा आलाय ‘अगर’?”

ठाणे अंमलदार पलीकडच्या टेबलावरून हसला. मला राग आला. तिचाही आणि त्याचाही.

“हे बघा बाई, सरकारी कागद असाच लिहितात. तुमच्या बोलीत लिहायला ही काय तमाशाची वही आहे? मतलब बरोबर आहे ना?”

“मतलब?” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “तू मला इचारलंस, संशय हाय का कुनावर. म्या काय म्हनले?”

“नाही म्हणालात.”

“फुडं?”

“पुढं काय?”

“फुडं काय म्हनले, ते सांग. तू लिवनारा हायेस. तुला याद असंल.”

मला आठवेना. आणि मग आठवलं. 

त्या दिवशी ग्रामीण रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसून मी हा जबाब घेतला होता. आत शवविच्छेदन चालू होतं. सुभद्राबाई भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती, मी बाकावर. मांडीवर पुठ्ठा, त्यावर कागद. ती बोलत होती ते सरळ नव्हतं. कुठूनही कुठंही जात होती. मंदा सहा वर्षांची असताना शेजारणीच्या पोरींबरोबर खेळताना विहिरीत पडली होती. आत एका मुळीला धरून ती लोंबकळत राहिली, वरून कुणीतरी दोर सोडला. तेव्हापासून मंदा विहिरीच्या काठाला जात नव्हती. लग्नाच्या वेळी आईनं सासरच्यांना आधी तेवढंच सांगितलं होतं, की पोरगी सगळं काम करेल, पण विहिरीवरनं पाणी आणायला लावू नका. त्यांच्या दारातच हातपंप होता. म्हणून तर ते स्थळ तिनं पसंत केलं होतं.

हे सगळं ती पुन्हा पुन्हा सांगत होती. मी पेनाचं टोपण लावून वाट बघत होतो. मनात म्हणत होतो, ही लहानपणात शिरली, आता लवकर बाहेर येत नाही. मयताच्या घरची माणसं अशीच बोलतात, हे मला दहा वर्षांच्या नोकरीत ठाऊक झालं होतं. कामाचं तेवढं उचलायचं, बाकी वाहून जाऊ द्यायचं. पाणी आणायला गेली आणि पाय घसरला, हे सासरच्यांनी सांगितलेलं मी आधीच लिहून ठेवलं होतं. ती थांबली तशी मी शेवटचा प्रश्न विचारला, जो प्रत्येक अकस्मात मयतात विचारायचा असतो.

“कुणावर संशय?”

“संशय न्हाई,” ती म्हणाली.

मी मान खाली घातली आणि लिहायला लागलो, ‘माझा कोणावरही संशय...’ हे वाक्य माझ्या हाताला सवयीचं होतं. लिहिताना वरून तिचा आवाज येत होता. ती काय बोलत होती ते माझ्या कानांवर पडलं होतं. पण मी ऐकलं नव्हतं.

आता ठाण्यात ती माझ्या टेबलावर दोन्ही हात टेकून उभी होती.

“म्या म्हनले, संशय न्हाई, मला ठावं हाय. संशय कशाचा घिऊ? ज्याला ठावं नसतं त्यो संशय घेतो. मला ठावं हाय कुनी ढकलली. असं म्हनले का न्हाई?”

“म्हणालात,” मी म्हणालो.

“मग ते कुठं गेलं?”

ठाणे अंमलदाराचं हसणं थांबलं होतं.

“बोल की. लेकरू गेलं माझं. तिच्या मागनं तिची आई काय बोलली, तेबी गेलं. त्ये कुठं गेलं, सांग.”

 ‘मग अंगठा का दिला?’ असं मी तिला ओरडून विचारलं. आजही ते आठवलं की कानशिलं तापतात.

“तू घडाघडा वाचलंस,” ती म्हणाली. “आत माझ्या लेकीला चिरत व्हते. तवा मला ‘अगर’चा अर्थ लावत बसायचा व्हता?”

मी उठलो. कपाटातून कोरे कागद काढले, तिला खुर्ची दिली. ती बसली नाही. अशा वेळी पहिला जबाब खोडता येत नाही, पण पुरवणी जबाब घेता येतो. “आता सांगा,” मी म्हणालो. “सुरुवातीपासून. जसं सांगाल तसं लिहितो.”

“आनि परत गाळलंस तर?”

“प्रत्येक वाक्य लिहून झालं की वाचतो. तुम्ही ‘बरोबर’ म्हटल्याशिवाय पुढं जात नाही.”

ती उभ्यानंच सांगायला लागली. अर्ध्या तासानं कधीतरी बसली. सव्वातीन तास लागले. दहा वर्षं मी माणसांचं बोलणं कागदावर आणत होतो आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की मला ते येत नाही. हात सारखा जुन्या वळणावर जायचा. ती म्हणायची, “मंदी येऊन दारात बसली,” आणि माझा हात लिहायचा, ‘मयत ही माहेरी आली असता...’ मी वाचून दाखवलं की ती म्हणायची, “आली न्हाई, दारात बसली. आत येईना.” मी खोडायचो. तिच्या दारात बसण्यात काय होतं, ते मला पुढच्या वाक्यात कळायचं.

मंदा मरायच्या दहा दिवस आधी माहेरी आली होती. नवऱ्याला दुसरं लग्न करायचं होतं आणि त्याला तिची संमती कागदावर लिहून हवी होती. मंदा चौथी शिकलेली होती. कागद वाचून तिनं सही करायला नकार दिला. सासरा म्हणाला, सही नाही तर घर नाही. ती आली आणि आईच्या दारात बसली. आत आले तर तू मला परत धाडणार नाहीस ना, असं आधी विचारत होती.

“मग?” मी विचारलं.

“धाडली,” सुभद्राबाई म्हणाली. “म्याच धाडली. आठ दिसांनी. एस्टीत बसवून दिली. लिव.”

मी लिहिलं. वाचून दाखवलं.

“बरोबर,” ती म्हणाली.

मग घरातली कळशी. मंदाच्या दिवसकार्याला सुभद्राबाई सासरच्या घरी गेली, तेव्हा पाण्याची एकुलती एक कळशी माजघरात भरलेली होती. विहिरीत कळशी सापडली नव्हती. काठावरही नव्हती. मग ती पाणी आणायला गेली ती काय घेऊन गेली? आणि दारात पंप असताना, ज्या विहिरीला ती चार वर्षांत शिवली नव्हती तिथं कशाला गेली? हा प्रश्न मी, पंचनामा करणारा हवालदार, स्वतःला विचारायला हवा होता. विहिरीच्या काठावर मी उभा होतो. माझ्या पंचनाम्यात विहिरीची खोली होती, व्यास होता, पाण्याची पातळी होती. कळशी नव्हती.

जबाब एकवीस पानांचा झाला. आमचे फौजदार काळोखे दुपारी आले. मी कागद पुढे ठेवले.

“हा काय जबाब आहे, लोंढे? ही कादंबरी आहे. ‘मुळीला धरून लोंबकळली’? ‘दारात बसली, आत येईना’? तुमचं ते दिवाळी अंकाचं वेड कोर्टाच्या कागदात आणू नका. दोन पानांत बसवा.”

“नाही बसवणार, साहेब.”

काळोख्यांनी वर पाहिलं. ठाण्यात त्यांना असं कुणी बोलत नव्हतं. “म्हणजे?”

“आधी बसवला होता. काय झालं ते तिसऱ्या पानापासून वाचा.”

ते वाचायला लागले, सुरुवातीला मला दाखवण्यापुरते, भराभर. कुठल्यातरी पानावर त्यांचा वेग कमी झाला. शेवटचं पान संपलं. त्यांनी ड्रायव्हरला जीप काढायला सांगितली. त्याच दिवशी गुन्हा दाखल झाला आणि मंदाच्या नवऱ्याला आणि सासऱ्याला अटक झाली. काळोखे वाईट माणूस नव्हते. मी तरी कुठं वाईट होतो? पैसे खाल्ले नव्हते, कुणाचा दबाव नव्हता. मला फक्त बांधीव लिहायची हौस होती.

खटला उभा राहायला तीन वर्षं गेली. साक्षीच्या आदल्या दिवशी सरकारी वकिलांनी मला बोलावून घेतलं.

“पहिल्या जबाबाबद्दल विचारतील. ‘घाईत काही गोष्टी राहून गेल्या’ एवढंच म्हणा. जास्त बोलू नका.”

पिंजऱ्यात उभं राहून शपथ घेतली तेव्हा मी तेच म्हणायचं ठरवलं होतं. आरोपींचे वकील उठले. सावकाश बोलणारा, नीटनेटका माणूस.

“हवालदार, या पहिल्या जबाबाखाली लिहिलंय, ‘माझे सांगणेप्रमाणे लिहिला’. तो सांगण्याप्रमाणे लिहिला होता का?”

समोर बाकावर सुभद्राबाई बसली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. जमिनीकडे बघत होती, कान माझ्याकडे ठेवून.

“नाही,” मी म्हणालो.

सरकारी वकिलांनी डोळे मिटले.

“काही राहून गेलं?”

“राहून गेलं नाही. मी गाळलं. शब्द माझे होते, तिचे नव्हते.”

“आणि हा दुसरा, एकवीस पानांचा? यातले शब्द कुणाचे?”

“तिचे. एकूण एक.”

“असं.” वकिलांनी फाइलीतून एक दिवाळी अंक काढला. त्यावर खुणेचा कागद लावलेला होता. “यातली ही कथा तुमची?”

“हो.”

“यातली माणसं खरी आहेत?”

“नाही.”

“त्यांची बोलणी?”

“रचलेली आहेत.”

“म्हणजे खेड्यातली बाई कशी बोलेल, ते तुम्हाला घरी बसून रचता येतं. छान रचता येतं, मी वाचलंय. आता मला सांगा, हवालदार. एकाच बाईचे दोन जबाब. पहिला साधा, सरळ, कुठलाही हवालदार लिहील तसा. त्यातले शब्द म्हणे तुमचे. आणि दुसरा, ज्यात पोरगी मुळीला लोंबकळते, दारात बसून राहते, एका निरक्षर बाईच्या तोंडी एवढे बारकावे, तो मात्र एकूण एक तिचा. हे कोर्टानं मानायचं?”

“ती तशीच बोलते,” मी म्हणालो. “तिला विचारा. आत्ता विचारा!”

माझा आवाज चढला होता. न्यायाधीशांनी मला समज दिली. वकील म्हणाले, “मला आणखी काही विचारायचं नाही,” आणि खाली बसले.

मी ‘राहून गेल्या’ म्हणालो असतो तर निकाल वेगळा लागला असता का, ते मला आजवर कळलेलं नाही. कळशीचा पुरावा होता, पण कळशी तीन आठवड्यांनी जप्त झालेली. शवविच्छेदनात मंदाच्या दंडावर दिसलेल्या खुणा डॉक्टरांच्या मते विहिरीचे दगड लागूनही झाल्या असत्या. उरत होता आईचा शब्द, आणि आईचे शब्द दोन होते.

निकालाच्या दिवशी आमच्या ठाण्यातूनच बंदोबस्त होता. काळोखे होते, मी होतो. न्यायाधीशांनी निकाल वाचला. पहिला जबाब नैसर्गिक आणि विश्वासार्ह वाटतो, दुसरा मागाहून रचलेला वाटतो, सबब संशयाचा फायदा देऊन दोन्ही आरोपींची निर्दोष मुक्तता करण्यात येत आहे.

सुभद्राबाई व्हरांड्यात आली आणि सरळ माझ्यासमोर उभी राहिली. तिच्याबरोबर तिचा भाऊ होता.

“संशयाचा फायदा म्हंजी काय?”

मी सांगितलं. जेवढं मला माहीत होतं तेवढं.

“कुनाचा संशय?” ती म्हणाली. “माझा तर नव्हता.”

भाऊ म्हणाला, “अक्का, चल. गाडी जाईल.” त्यानं तिचा दंड धरला. तिनं तो सोडवून घेतला आणि ती आवाराच्या दुसऱ्या टोकाला चालायला लागली. तिथं पत्र्याच्या छपराखाली चहाचं दुकान होतं. मंदाचा सासरा आणि नवरा तिथं बाकड्यावर बसले होते. वकील होता, त्यांच्या गावची सात-आठ माणसं होती. कुणीतरी पेढ्यांचा पुडा फोडत होतं.

ती त्यांच्यासमोर चार हातांवर जाऊन थांबली. मला वाटलं, आता शिव्या देईल. दगड उचलेल, असंही वाटलं. मी धावलो. काळोखेही मागून आले.

तिनं काही उचललं नाही. पदर खोचला आणि बोलायला लागली. खणखणीत आवाजात, सगळ्या आवाराला ऐकू जाईल असं.

“माझी मंदी बहात्तरच्या दुष्काळात झाली. खडी फोडायच्या कामावर व्हते म्या. दुपारची सुट्टी व्हायची व्हती...”

सासरा म्हणाला, “ए बाई, निकाल लागलाय. चल, हो बाजूला.”

तिनं ऐकलंच नाही. खडीच्या ढिगाऱ्याआड कुणी कुणी लुगडी धरली, नाळ कशानं कापली, पोर रडेना म्हणून मुकादमाच्या बायकोनं तिला कसं उलटं धरलं, ते तिनं सांगितलं. यातलं एक अक्षरही माझ्या एकवीस पानांत नव्हतं. इतका मागचा काळ मी तिला विचारलाच नव्हता.

माणसं थांबायला लागली. पक्षकार, कारकून, दोन काळे कोट. आंब्याच्या पेट्या घेऊन चाललेला एक म्हातारा त्या खाली ठेवून उभा राहिला.

“लोंढे,” काळोखे हळूच म्हणाले, “बाईला बाजूला घ्या. कोर्टाचं आवार आहे.”

“बोलू द्या, साहेब.”

“लोंढे, ही ऑर्डर आहे.”

“मग माझा रिपोर्ट करा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रिपोर्ट त्यांनी नंतर केलाही, आणि माझी बदली दूरच्या चौकीत झाली. पण त्या क्षणी त्यांनी मला अडवलं नाही. दोन शिपाई पुढे येत होते त्यांना मी हातानंच थांबवलं आणि सुभद्राबाईच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. तिला ते कळलं की नाही, सांगता येत नाही. तिनं एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

वकील घड्याळ बघून निघून गेला. नवऱ्यानं उठायचा प्रयत्न केला, पण चारी बाजूंनी माणसं होती. त्यांना ढकलून, मान खाली घालून जावं लागलं असतं. तो पुन्हा बसला. सासऱ्याच्या हातात चहाचा ग्लास तसाच होता. ती सांगत होती, मंदी कधी चालायला लागली, पाटीवर काय गिरवायची, गोवरात डोळे जायची वेळ कशी आली. कुठं थांबत नव्हती, कुठं चुकत नव्हती. एखादं नाव आठवलं नाही तर आठवेपर्यंत पुढं जात नव्हती, आणि तेवढा वेळ सगळं आवार गप्प उभं राहत होतं. भाऊ मुकाट्यानं तिच्या पायाशी बसला होता. गावची एस्टी निघून गेली.

अर्धा तास होऊन गेला होता आणि ती अजून मंदाच्या लग्नापर्यंतसुद्धा आली नव्हती.